टेबलावरचा समुद्र आणि माळ्यावरच्या कवड्या

धाराशिवात हल्ली डोहाळजेवण असो, बारसं असो की नव्या फ्लॅटची वास्तुशांत, पाहुण्यांच्या टेबलावर समुद्र मांडायची पद्धत आली आहे. काचेच्या बरणीत पांढरी वाळू, वाळूत रोवलेली मेणबत्ती, भोवती शंख-शिंपले, एखादा सुकवलेला तारामासा आणि कडेनं सुतळीचे वेढे. हा सगळा संच ऑनलाइन येतो. आपल्या गावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरहून लांब. हौस म्हणून कुणी मांडलं तर मी नाक मुरडणार नाही. टेबल सजवावं, घर सुंदर दिसावं असं वाटणं चांगलंच आहे. पण खोक्यातून आलेला हा समुद्र बघताना मला तळमळून सांगावंसं वाटतं, की शंख-शिंपल्यांचं काम आपल्या जिल्ह्याला परकं नाही. ते आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण ते बाजूला सारून दुसऱ्याचा किनारा विकत घेतो आहोत.

मी तुळजापुरात राहते. शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवण्यात माझी नोकरी गेली. इथं डोळे उघडले की पहिल्यांदा दिसते ती कवडी. तुळजाभवानी मंदिराच्या महाद्वाराच्या रस्त्यानं जा. हळद-कुंकवाच्या राशी, बांगड्या, परड्या आणि दुकानांच्या दांड्यांवर लोंबणाऱ्या कवड्यांच्या माळा. आराधी बायकांच्या गळ्यात कवडीची माळ, हातात परडी आणि पोत. संबळ वाजवणाऱ्या गोंधळ्याच्या गळ्यातही तीच माळ. ही कवडी समुद्रातल्या एका छोट्या गोगलगायीचं कवच आहे, मालदीव-लक्षद्वीपच्या उथळ, उबदार पाण्यातलं. एके काळी मालदीवची कवडी गलबतांत भरून बंगालला जायची आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथं ती रोजच्या व्यवहारात सुटे पैसे म्हणून चालायची. आपल्याकडे ती भवानीच्या गळ्यात आली आणि तिथून घराघरात.

घराघरात म्हणजे नुसती देवघरात नव्हे, आणि माझ्या सांगण्याचा गाभा तोच आहे. माझं सासर नळदुर्गजवळच्या एका गावचं. तिथं पोळ्याला बैलाच्या कपाळावर आणि गळ्यात कवड्या शिवलेले पट्टे असायचे. लाल किंवा काळ्या जाड कापडावर कवड्यांच्या दोन रांगा, मधे आरशाचा तुकडा, खाली लोकरीचे गोंडे. त्याच भागातल्या तांड्यांवर बंजारा बायका डोईवरच्या घागरीखाली जी चुंबळ घेत, तिला कवड्यांची झालर असायची. चौकोनी भरतकामाच्या कडेनं कवड्या, ओढणीच्या टोकाला कवड्या. सारीपाटाचं दान कवड्या टाकून पडायचं. तान्ह्या बाळाच्या करगोट्यात दृष्ट लागू नये म्हणून कवडी ओवायचे. म्हणजे पूजा, शेती, पाणी, खेळ, पाळणा अशी सगळीकडे ती वावरली.

आणि त्याही आधीचं पाहायचं असेल तर तेरला जा. संत गोरोबा काकांचं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं शहर असल्याचं तिथं लिहिलं आहे. इथलं कापड गाड्यांत घालून भडोचच्या बंदराकडे जायचं आणि किनाऱ्याकडचा मालही तगरला येऊन पुढं जायचा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंतून तेरचं संग्रहालय उभं राहिलं. तिथं हस्तिदंत, मणी, मृण्मूर्ती यांच्या सोबतीला शंखाच्या वस्तूही आहेत. किनारा नसलेल्या या पठारावर समुद्राची वस्तू आणून तिला आपल्या हातानं आकार देणारे लोक तेव्हापासून आहेत. मुलांची सहल घेऊन गेले, की मी त्यांना आधी त्या शंखाच्या वस्तूंच्या कपाटापाशी उभं करायची.

आता आक्षेप. मी हे बोलले की कुणीतरी हमखास म्हणतं, “बाई, देवीची कवडी टेबलावर मांडायची? पाप लागंल.” ही शंका मी हसण्यावारी नेत नाही, कारण तिच्यामागे श्रद्धा आहे. आमच्या गल्लीत एक आराधीण मावशी आहेत, त्यांनाच मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, “माळ घातलेली कवडी आईची. तिला कुणी हात लावायचा नाही. बैलाच्या गळ्यातली बैलाची. सुटी हाय ती तुमची, कामाला लावा.” मला हा निवाडा पुरेसा वाटतो. जी माळ परडीसोबत घरात आली, जिची पूजा झाली, तिची जागा देवघरात. ती तुटली तर पुन्हा ओवून घ्यावी. तिच्या कवड्या काढून कुणी फुलदाणीला लावू नये. पण पट्ट्याच्या, झालरीच्या, सारीपाटाच्या कवडीला देव्हाऱ्याचा नियम लावून माळ्यावर कुजत ठेवण्यात कुणाचा मान राहतो?

माळ्यावर त्या आहेतच. ट्रॅक्टर आला, बैल गेले, दावणी मोकळ्या झाल्या. पण पोळ्याचं सामान टाकायला कुणाचा हात धजावला नाही. गावाकडच्या घरांत पोतडीत, पत्र्याच्या पेटीत, धान्याच्या कणगीमागे असे पट्टे पडलेले आहेत. कापड उंदरांनी कुरतडलेलं, गोंडे झडलेले, कवड्या मात्र शाबूत. सजावटीला कवडी हवी तर तिथून घ्या, बाजारातून नवी पिशवी आणू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

याचं कारण कवडीच्या चकाकीत आहे. कवडीचा जीव जिवंत असतो तेव्हा त्याच्या अंगाची एक पातळ मऊ घडी कवचावर पसरलेली असते. ती कवचाला बाहेरून झाकते, जपते, त्यावर थर चढवते, म्हणून कवडी आरशासारखी गुळगुळीत असते. जीव मेला, कवच लाटांनी वाळूत घासलं गेलं, की ती चकाकी जाते; कवडी निस्तेज होते, बारीक छिद्रं पडतात. म्हणजे बाजारात पिशवीतून मिळणारी चकचकीत कवडी बहुतेक वेळा जिवंत जीव पाण्यातून काढून, मारून, वाळवूनच आलेली असते. टेबलावरच्या तारामाशाचंही तेच; तो असा सुंदर ताठ वाळतो कारण त्याला जिवंत काढून वाळवलेलं असतं. देवीच्या माळेसाठी कुणी नवी कवडी घेतली तर तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग, मी त्यात पडणार नाही. पण एका संध्याकाळच्या पाहुणचाराला नवा जीव घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. बैलाच्या गळ्यात पन्नास वर्षं राहिलेली कवडी तशीच चकचकीत आहे आणि तिच्यासाठी आज कुणाला मरावं लागत नाही.

कोकणात फिरायला जाणाऱ्यांनाही हेच सांगते. गणपतीपुळ्याला, तारकर्लीला पोरं खिसे भरून शंख आणतात. रिकामा दिसणारा शंख उचलण्याआधी उलटा करून बघा. आत पाठीवर घर घेऊन फिरणारा छोटा खेकडा बसलेला असू शकतो. त्याच्या मऊ पोटाला स्वतःचं कवच नसतं, असे रिकामे शंखच त्याचं घर. दुकानातल्या संचात पांढऱ्या फांदीसारखा प्रवाळाचा तुकडा असेल तर तो संच घेऊच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ, समुद्रघोडा आणि शंखांच्या काही जाती संरक्षित आहेत. शोभेची वस्तू म्हणून विकत घेतली हे कारण तिथं चालत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. जुना पट्टा हाती आला की त्याचे दोरे कात्रीनं कापा, कवडी ओढून काढू नका. ओढली की तिच्या पाठीच्या छिद्राची कड फुटते. शिवणाच्या कवडीची पाठ आधीच फोडून सपाट केलेली असते, म्हणून ती कापडावर चपखल बसते आणि दातेरी तोंड वर येतं. कोमट पाण्यात थोडी साबणाची पूड घालून त्या रात्रभर भिजवा, दात घासायच्या जुन्या ब्रशनं कवडीच्या तोंडावरच्या दात्यांच्या फटी घासा, सावलीत वाळवा. शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसा. झालं.

चिंच मात्र लावू नका. नवरात्राच्या आधी आपल्याकडे समई, ताम्हण, घंटा चिंचेनं घासायची पद्धत आहे आणि त्याच परातीत बायका कवडीची माळही टाकतात. पितळ उजळतं, कवडी मरते. कवडी, शंख, शिंपला ही सगळी चुन्याचीच जात आहे, रसायनशास्त्राच्या पुस्तकात तिला कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लाखो माणसं रानात उतरून चुन्याचे पांढरे खडे वेचतात; तो खडा आणि ही कवडी मुळात एकाच पदार्थाची. आंबट लागलं की दोन्ही विरघळतात. वर्गात मी लिंबाच्या रसाची वाटी घेऊन त्यात फुटक्या कवडीचा तुकडा टाकायची. त्यावर बारीक बुडबुडे चढायचे, आणि काही वेळानं बाहेर काढला की जिथं चकाकी होती तिथं खडूसारखी पांढरी पूड बोटाला लागायची. फरशी धुवायच्या ॲसिडात तर क्षणात फेस येतो. शिंपले साफ करायला व्हिनेगर किंवा ॲसिड वापरा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

टेबलावर काय मांडायचं? माझ्या मते आपल्या जिल्ह्याची खरी सजावट म्हणजे कवडीची चुंबळ. जुन्या सुती लुगड्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या, पिळून दोरासारख्या करायच्या आणि वेढ्यावर वेढा घेत ताटलीएवढं कडं करायचं. मधे तांब्याचं बूड बसेल एवढी जागा मोकळी. वेढे आतून टाचून घ्यायचे, नाहीतर उलगडतात. वरून इरकलीचं किंवा खणाचं कापड मढवायचं. आता बाहेरच्या कडेनं कवड्या. गोधडी शिवायची सुई, दुहेरी जाड दोरा, दोऱ्याला मधमाश्यांच्या मेणाचा हात. सुई कापडातून वर काढायची, पाठीच्या छिद्रातून आत, तोंडाच्या फटीतून बाहेर. कवडीच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना नैसर्गिक खाच असते; दोरा त्या खाचेत बसवून खाली ओढायचा, मग दुसऱ्या टोकालाही तसंच. दोन्ही खाचांत दोरा बसला की कवडी हलत नाही. दोन कवड्यांमधे तांदळाच्या दाण्याएवढं अंतर ठेवा. अगदी चिकटवून लावल्या तर कडं वाकवताना एकमेकींवर घासतात आणि टवके उडतात.

हे मी एका तांड्यावरच्या याडीकडून (बंजारा बोलीत याडी म्हणजे आई) शिकले. तिचा हात बघत बसावा असा. डाव्या अंगठ्यानं ती कवडी दाबून धरायची, उजव्या हातानं दोन टाके आणि लगेच पुढची. गोंद तिला माहीतच नव्हता. आजकालच्या संचातले शंख गोंदाच्या पिस्तुलानं चिकटवलेले असतात आणि दोन-चार वेळा उचलठेव झाली की टपाटप सुटतात. शिवलेली कवडी कापड फाटलं तरी दोऱ्याला धरून राहते. माळ्यावरच्या त्या कुरतडलेल्या पट्ट्यांकडे बघा.

त्या चुंबळीवर तांब्या ठेवा आणि तांब्यात ज्वारीची पाच-सात वाळलेली कणसं, करडईची सुकलेली बोंडं. शाळूची कणसं पांढरट-पिवळी, कवडीचा रंगही त्याच घरचा, खाली खणाची किनार. ओल्या फुलांसारखं रोज पाणी बदलायला नको, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे फुलं तरी कुठली? पाहुणे आले की त्याच चुंबळीवर गरम भांडंही ठेवता येतं. मुळात ती भार पेलायलाच जन्मली.

दुसरी वस्तू नदीतली. तेरणा, मांजरा, बोरीच्या पात्रात, तलावांच्या काठाला पाणी ओसरल्यावर रिकामे शिंपले सापडतात. बाहेरून काळपट-तपकिरी, मातीनं माखलेले. आतून मात्र मोत्यासारखा पांढरा, तिरका धरला तर गुलाबी-निळी झाक दाखवणारा थर. घट्ट मिटलेला असेल तर तो जिवंत आहे, परत पाण्यात सोडा. नदीचं पाणी गाळून स्वच्छ ठेवायचं काम तोच करतो. उघडा, रिकामा सापडला तर आणा, उकळत्या पाण्यातून काढा, घासा. थोडी बारीक वाळू पसरट मातीच्या परळात घेऊन त्यात शिंपला टेकवला की आत गोडेतेल आणि फुलवात ठेवून सुंदर पणती होते. ज्योतीचा उजेड त्या आतल्या थरावरून परततो. विकतच्या कुठल्याही मेणबत्तीत मला तो उजेड मिळालेला नाही.

तिसरं कवच तर आपल्या बांधावरच साचलं आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिवच्या सोयाबीनवर शंखी गोगलगायींनी धाड घातली होती. उगवलेले कोंब रातोरात फस्त झाले, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं बारदान बांधावर टाकून, पहाटे टॉर्च घेऊन माणसं गोगलगायी वेचत होती आणि मिठाच्या पाण्यात टाकत होती. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ च्या सुमारास मॉरिशसहून कोलकात्याला आणली गेली आणि तिथून पसरत गेली. तिचा शंख हाताच्या बोटाएवढा लांब, तपकिरी पट्ट्यांचा, टोकाकडे निमुळता. दिसायला समुद्राच्या कुठल्याही शंखाला हार न जाणारा. उन्हानं पांढरे पडलेले रिकामे शंख वेचायला माझी हरकत नाही, पण काळजी घ्या. या गोगलगायीतून मेंदूला सूज आणणारा कृमी माणसात जाऊ शकतो, आणि शेतात तिला मारायला विषाच्या गोळ्याही टाकलेल्या असतात. म्हणून पोरांना उघड्या हातानं वेचू देऊ नका. हातमोजे घाला, शंख मोठ्या माणसानं जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात उकळावेत, कडक उन्हात वाळवावेत. मग मातीच्या परळात ते मांडा. त्या वर्षी ज्यांचं पीक गेलं त्यांच्या घरात हे शंख नकोसे वाटतील, तेही मी समजू शकते. पण एकाच्या रानातला उपद्रव दुसऱ्याच्या हाताला काम देत असेल तर ते मला कन्याकुमारीहून आलेल्या शंखापेक्षा रास्त वाटतं.

मला खरी काळजी आहे ती या हातांची. कवडी शिवणाऱ्या तांड्यावरच्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्या सुना ऊसतोडीला जातात, मुली शहरात कामाला. चुंबळ घ्यायला घागरच डोईवर नाही, तर शिवणार कशाला? हा टाका एका पिढीत जाईल. तुळजापुरात नवरात्राला आणि कोजागरीला लाखो माणसं येतात आणि जाताना काहीतरी घेऊन जातात. हल्ली महाद्वाराजवळ प्लास्टिकच्या कवड्यांच्या माळाही टांगलेल्या दिसतात. हातात घेतली की हलकी, गालाला लावली तर गार लागत नाही, कवड्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणत नाहीत. त्याच रस्त्यावर जुन्या कवड्यांची, हातानं शिवलेली चुंबळ विकायला एक गाळा असता तर? मंदिर संस्थाननं आणि नगरपरिषदेनं बचत गटाला अशी जागा दिली तर त्यांचं काही जाणार नाही. गावोगावचे जुने पट्टे गटानं किलोवर विकत घ्यावेत, शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, नवी कवडी समुद्रातून काढावी लागणार नाही आणि शिवणाऱ्या बाईला घरबसल्या मजुरी मिळेल.

शाळांनाही माझी विनंती आहे. कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्या आणि थर्माकोलची घरं बस झाली. तांड्यावरच्या एखाद्या याडीला महिन्यातून एकदा वर्गावर बोलवा, तिचा मान ठेवा, मानधन द्या, आणि मुलामुलींना, मुलांनाही, कवडीचा टाका शिकू द्या. सुई टोचेल, दोरा गुंतेल, पहिली चुंबळ वाकडीच होईल. पहिली भाकरीही वाकडीच होते.

आणि तुमच्या घरच्या कार्यक्रमाला चुंबळ करून घ्यायची असेल तर निदान महिनाभर आधी सांगा. कवड्या तुमच्या माळ्यावरच्या द्या, मजुरी आधीच ठरवा आणि ठरल्यावर घासाघीस करू नका. एका मोठ्या चुंबळीला दोन दिवसांचं बसकं काम लागतं, डोळ्यांना ताण पडतो. रोजगाराचा जो दर रानात चालतो, त्याच्या खाली जाऊ नका. ऑनलाइन संचाला जे मोजले असते तेवढे जरी त्या हातात ठेवले तरी तांड्यावरची पुढची मुलगी सुई हातात घेईल.